डाळ शिजेना, म्हणून पत्र लिहिलं

चैत्र लागला की विहिरी रिकाम्या होतात आणि माझी पत्रपेटी भरते. गेली चार वर्षं हा उलटा हिशोब चाललाय. या महिन्यातल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. नावं छापत नाही, तालुका तेवढा ठेवलाय. गावात कुणाच्या घरचं पाणी वाईट, यावरूनही सोयरिकी अडतात.

नव्या वाचकांसाठी एवढंच, की मी इंजिनिअर नाही आणि भूगर्भातलंही शिकलेले नाही. धुळ्याला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत एकोणतीस वर्षं बाटल्या धुतल्या, नमुने तपासले, रिपोर्ट लिहिले. माहेर शिंदखेडा तालुक्यातलं, सासर पांझरेकाठचं. त्यामुळे खारं पाणी आणि गढूळ पाणी, दोन्ही घरचंच.

प्रश्न : ताई, आमच्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. चार शिट्ट्या जास्त दिल्या, सोडा टाकला, तरी दाणा न् दाणा वेगळा. घरात पाच माणसं. मागच्या महिन्यात आरओ मशीन विकणारा आला. त्याने मीटर बुडवून १९०० आकडा दाखवला. मग पाण्यात दोन कांड्या सोडून वीज दिली, तर पाणी तांबडं-हिरवं झालं आणि वर घाण फेस आला. सासूबाईंनी ते बघून दोन दिवस घरचं पाणी सोडलंय. सध्या जार घेतो, पण रोज परवडत नाही. आमचं घर पत्र्याचं आहे. पावसाचं पाणी साठवून वर्षभर पिता येईल का? (एक भगिनी, शिंदखेडा तालुका)

उत्तर : आधी सासूबाईंना पाणी पाजा. तो फेस तुमच्या पाण्यातला नव्हता, त्या कांडीतला होता. कांडी लोखंडाची असते. क्षार असलेल्या पाण्यातून वीज चांगली वाहते, वीज वाहिली की लोखंड झिजतं आणि त्याचा गंज वर येतो. मशीनच्या पाण्यात क्षार फारसे उरलेले नसतात, म्हणून त्यात वीज फारशी वाहत नाही आणि ते बिचारं सोज्वळ दिसतं. पुढच्या वेळी तो आला तर त्याच्याच शुद्ध पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि कांड्या सोडायला सांगा. तो चहासुद्धा न घेता जाईल.

१९०० हा आकडा मात्र खरा असू शकतो. मीटर खोटं बोलत नाही, फक्त फार थोडं बोलतं. विरघळलेले क्षार लिटरमागे किती मिलिग्रॅम, एवढंच ते साधारण सांगतं. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते ५०० पर्यंत असावेत. दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचे. म्हणजे तुमचं पाणी काठावर आहे. विष नाही, पण चांगलंही नाही. आणि डाळीनं ते तुम्हाला मीटरच्या आधीच सांगितलं होतं. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या दाण्याला घट्ट धरून ठेवतं, म्हणून दाणा फुटत नाही. माझी आई नव्या विहिरीचं पाणी आलं की तोंडाला लावायच्या आधी मूठभर डाळ शिजत टाकायची. डाळ शिजली तर विहीर आपली, नाहीतर गुरांची.

आता पावसाचं. पिता येतं, आणि तुमच्या घराला वर्षभर पुरतं. फक्त हिशोब पिण्याचाच करा. लोक इथेच चुकतात. घरात दिवसाला पाचशे लिटर लागतं, मग एवढी टाकी कुठून आणायची, असं म्हणून विषय सोडून देतात. आंघोळ, धुणं, भांडी, गुरं हे सगळं खाऱ्या पाण्यावर चालू द्या. प्यायला आणि रांधायला लागणारं पाणी आठवडाभर वेगळ्या हंड्यात भरून मोजा. आमच्याकडे पाच माणसांना उन्हाळ्यात दोन हंडे लागले, म्हणजे तीसेक लिटर. पाहुणे-रावळे धरून चाळीस म्हणा. ऑक्टोबर ते मे हे आठ महिने, दोनशे चाळीस दिवस. चाळीस गुणिले दोनशे चाळीस, नऊ हजार सहाशे लिटर. आठ फूट लांब, सात फूट रुंद आणि साडेसहा फूट खोल अशा टाकीत एवढं पाणी मावतं. दोन-तीन बाजा मावतील एवढी जागा.

एवढा पाऊस तुमच्या पत्र्यावर पडतो का? एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. हे एक वाक्य पाठ करा, बाकी सगळं त्यातून निघतं. तीस बाय वीस फुटांचा पत्रा धरला तर छप्पन्न चौरस मीटर. आपला तालुका कोरडा, पाऊस ५०० मिलिमीटरच धरू. अठ्ठावीस हजार लिटर झालं. सांडलं, उडालं म्हणून पाचवा हिस्सा सोडा, तरी बावीस हजार उरतं. तुम्हाला हवं त्याच्या दुप्पट. पाऊस निम्म्यावर आला त्या वर्षीही टाकी भरेल.

माहेरी आमचं घर धाब्याचं होतं. धाब्यावर दरवर्षी खारी माती टाकायची, आणि पहिल्या सरीला पन्हळीतून जे पडायचं ते दूध घातलेल्या चहासारखं दिसायचं. त्यामुळे छपराचं पाणी प्यायचं ही कल्पनाच घरात नव्हती. पुढे पत्रे आले, स्लॅब आले, पण सवय तीच राहिली. तुमचा पत्रा लोखंडी असेल तर उत्तम. जुना, भुगा पडणारा सिमेंटचा पत्रा असेल तर त्याचं पाणी प्यायला धरू नका.

पहिल्या वर्षी मी स्वतः काय माती खाल्ली ते सांगते. टाकी बांधली, पन्हळी लावल्या, पाईप जोडला, जाळी बसवली. मृगाचा पहिला पाऊस आला आणि आनंदाच्या भरात तोच टाकीत घेतला. आठ महिन्यांची धूळ, वाळलेली पानं, पारव्यांची शीट, सगळं आत. चौथ्या दिवशी झाकण उघडलं तर खुराड्याचा वास. एकोणतीस वर्षं लोकांना शहाणपण शिकवलेली बाई घरच्या टाकीत उतरून खराटा मारत होती. तेव्हापासून नियम केलाय : मृगाचा पाऊस पत्र्याला, आर्द्राचा टाकीला. पुढेही दोन पावसांत आठ-दहा दिवसांची उघडीप पडली, तर पहिलं पाणी बाहेर सोडायचं. छप्पन्न मीटरच्या पत्र्याचं पहिलं दोन मिलिमीटर पाणी म्हणजे एकशे बारा लिटर. त्यासाठी टाकीच्या आधी दोनशे लिटरचा ड्रम जोडा. तो भरला की पुढचं पाणी टाकीत जाईल. ड्रमला तळाशी तोटी हवी, पाऊस थांबला की ती उघडून ड्रम रिकामा करायचा. हे काम पुरुषांना सांगून होत नाही, असा माझा अनुभव आहे.

टाकीत उजेड जाऊ देऊ नका, शेवाळ धरतं. डास जाईल एवढीही फट नको. बादली बुडवायची नाही, तोटीनंच पाणी घ्यायचं. पाणी भरल्यावर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर हजार लिटरला अडीच ते पाच ग्रॅम, म्हणजे तुमच्या भरल्या टाकीला पंचवीस ते पन्नास. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं. अर्ध्या तासानं ग्रामपंचायतीच्या शिपायाकडून ओटी टेस्ट करून घ्या. नळीतलं पाणी फिकट पिवळं झालं की क्लोरिन आहे. पावडरीचं पोतं उघडून वर्ष झालं असेल तर त्यात जोर राहिलेला नसतो, हे शिपायालाही ठाऊक असतं, पण तो सांगत नाही.

पावसाच्या पाण्यात क्षार नाहीत, मग हाडं ठिसूळ होतील का, असं तुम्ही पत्राच्या मागच्या बाजूला विचारलंय. कळण्याची भाकरी, मेथी, दूध-ताक खाणाऱ्या बाईनं ही काळजी करू नये. कॅल्शियम मुख्यतः ताटातून येतं. आणि डाळ दोन शिट्ट्यांत शिजेल, ती शिजली की मला कळवा.

प्रश्न : ताई, पाणाड्यानं आमच्या मळ्यात दोन जागा दाखवल्या. हातावरचा नारळ दोन्ही ठिकाणी उभा राहिला. पहिल्या जागी चारशे फूट गेलो, नुसता भुगा उडाला. आता तो म्हणतो, दुसऱ्या जागी सहाशे फुटांना शंभर टक्के पाणी आहे. गावालाही प्यायला देता येईल असा विचार आहे. जावं का खाली? (एक वाचक, अमळनेर तालुका)

उत्तर : भाऊ, माझ्या काकांच्या मळ्यात नारळ तीनदा उभा राहिला. काका शेवटी बसले.

तापीच्या उत्तरेला, चोपडा, यावल, रावेरकडे शेकडो फूट जाडीचा गाळ आहे. तिथे खोल जाण्याला अर्थ असतो, जरी तिथलंही पाणी दरवर्षी खाली चाललंय. तुमच्याकडे काळा पाषाण. या खडकात पाणी मुख्यतः वरच्या शंभरेक फुटांत, मुरमात, मांजऱ्या खडकात आणि दोन थरांमधल्या फटीत असतं. त्याखाली फट लागली तर लागली. चारशेला भुगा उडाला तिथून दोनशे फूट पुढे गेल्यानं पाण्याची शक्यता वाढत नाही, बिल वाढतं.

साक्री, नंदुरबारकडे डोंगरात काळ्या दगडाच्या उभ्या भिंती मैलोन् मैल गेलेल्या दिसतात. तशाच भिंती काही ठिकाणी जमिनीखालीही आहेत. भिंतीच्या चढाकडच्या अंगाला पाणी अडून राहतं, उताराकडे कोरडं. अशा ठिकाणी दोन शेतकऱ्यांत शंभर पावलांचं अंतर, पण एकाकडे मोटर चालते आणि दुसरा पाणाड्याला शिव्या घालतो. हे नारळाला कळत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय जिल्ह्याला आहे, ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन तिथे जा. गावाच्या पिण्याच्या विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घ्यायला कायद्यानं बंदी आहे, हेही तिथेच बघून घ्या. पुढे भांडणं नकोत.

कोरडा पडलेला चारशे फुटांचा बोअर बुजवू नका. खडकातल्या फटी गाळानं बंद झाल्या असतील तर जोरानं पाणी सोडून त्या मोकळ्या करता येतात. त्याला हायड्रोफ्रॅक्चरिंग म्हणतात, आणि गावातल्या हातपंपांच्या बोअरवर यंत्रणा ते करते. नाहीतर छपराचं पाणी खडी-वाळूतून गाळून त्यात सोडा. रस्त्याचं आणि गोठ्याचं मात्र कधीच सोडू नका. बोअर म्हणजे जमिनीच्या पोटात गेलेली सरळ नळी आहे, तिथे गेलेली घाण परत काढता येत नाही. जवळच शिरपूर तालुक्यात २००४ पासून भूगर्भतज्ज्ञ सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद-खोल करून, सिमेंटचे बंधारे घालून पाणी मुरवलं. सहाशे फुटांचे पैसे खिशात असतील तर बोअर घेण्याआधी एकदा तिकडे चक्कर मारून या.

प्रश्न : ताईसाहेब, वय ७८. आमचं गाव गिरणाकाठी. लहानपणी उन्हाळ्यात नदीत झिरा खोदायचो. हातभर वाळू काढली की काचेसारखं पाणी. आता नदीत वाळूच उरली नाही, दगड उघडे पडले. धरणाचं आवर्तन सुटतं तेव्हा पाणी येतं नि चार दिवसांत पुढे निघून जातं. झिरे पुन्हा होतील का? (एक आजोबा, भडगाव तालुका)

उत्तर : आबा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. माझी आजी झिऱ्यावर वाटी घेऊन बसायची. पहिलं पाणी उपसून टाकायची, दुसरंही टाकायची, मग तिसऱ्या भरतीचं वाटीवाटीनं हंड्यात, पदराच्या चार घड्यांतून गाळून. एक हंडा भरायला अर्धा तास. आम्ही कंटाळून पाण्यात पाय घातला तर पाठीत धपाटा. तिला जंतू हा शब्द माहीत नव्हता, पण झिऱ्यापासून वीस पावलांत गुरं येऊ द्यायची नाही.

वाळू हीच तुमची टाकी होती. हिशोब तुम्हाला लगेच पटेल, कारण वाळूचे ब्रास गावात सगळ्यांना येतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. भरड वाळू पाण्यानं भरलेली असेल तर तिच्यातून चौथा हिस्सा पाणी सुटतं, म्हणजे ब्रासमागे सातशे लिटर. एक ट्रॉली गेली की सातशे लिटरची टाकी गेली, आणि दरवर्षी ती भरणारी. उघड्या पाण्याला आपल्याकडचं ४५ अंशांचं ऊन खातं. वाळूत दोन फुटांखाली गेलेल्या पाण्याची वाफ फारच थोडी होते. शिवाय वाळूतून झिरपताना ते गाळलं जातं, ते वेगळंच.

आता तुमचा प्रश्न. वाळू परत येते, पण तिला धरून ठेवायला काहीतरी हवं. नदीपात्रात खडकापर्यंत चर खणून त्यात मातीची किंवा काँक्रीटची भिंत घालतात, पात्राच्या पातळीखालीच. तिला भूमिगत बंधारा म्हणतात. वरून काही दिसत नाही, पूर आला की वाळू आणि पाणी भिंतीमागे साठतं. बाजूला विहीर घेऊन ते पाणी गावाला देता येतं. पण भिंत घालायची आणि तिच्यावरची वाळू लिलावात जाऊ द्यायची, असं चालणार नाही. ग्रामसभेत विषय आला की तुम्ही पहिल्या रांगेत बसा. ७८ वर्षांच्या माणसाला खाली बसा म्हणायची हिंमत सहसा होत नाही.

जमिनीतलं पाणी हळूच काढून घ्यायची विद्या आपल्या खानदेशात जुनी आहे. बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, पण ती फारुकी सुलतानांची राजधानी, म्हणजे खानदेशचीच. तिथे १६१५ मध्ये, मुघलांच्या अमलात, त्यांचा सरदार अब्दुर्रहीम खानखाना याच्या कारकिर्दीत सातपुड्याच्या पायथ्याला मुरणारं पाणी जमिनीखालच्या भुयारातून, उतारानं, शहरापर्यंत आणलं. वर ओळीनं शंभराहून जास्त कुंड्या, म्हणजे विहिरीसारखी तोंडं. कुंडी भंडारा म्हणतात त्याला. मोटर नाही, रहाट नाही. मी लिफ्टनं खाली उतरले होते. वर मे महिना, खाली गुडघाभर थंड पाणी, आणि भिंतींवर क्षारांचा पांढरा थर. आमच्या घरच्या बंबात बसतो तसाच. एवढ्या ऐतिहासिक जागी माझ्या मनात बंब आला, याला इलाज नाही.

सध्याचं तुमचं चार दिवसांचं पाणी कुठे उरल्या वाळूत झिरा काढून घेत असाल तरी टीसीएल टाकूनच प्या. आजीच्या काळात वरच्या गावांची गटारं नदीत नव्हती.

प्रश्न : मॅडम, मी धडगाव भागात शाळेवर आहे. पाड्याला डोंगरातला एकच झरा. पावसाळ्यात तो गढूळ होतो, मुलांना जुलाब लागतात. वीज येते-जाते, गॅस जपून वापरतात, रोज पाणी उकळणं होत नाही. काही करता येईल? (एक शिक्षक, नंदुरबार जिल्हा)

उत्तर : सर, झरा फुटतो तिथे पाणी बहुतेक वेळा स्वच्छ असतं, जास्त घाण होतं ते तिथून हंड्यापर्यंत. झरा जिथून फुटतो तिथेच दगड-सिमेंटची छोटी बंद पेटी करा, पुढे एक पाईप काढा. वरच्या अंगाला चर खणा, म्हणजे डोंगरावरून वाहणारं पाणी बाजूनं निघून जाईल. गुरांना पाणी पाजायचं कुंड खाली, चार उड्यांवर. एवढ्यानं बराच त्रास कमी होतो. वरच्या बाजूचं जंगल राखलं तर झरा उन्हाळ्यातही टिकतो. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी हे करून दाखवलंय. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. मुलांना घेऊन एकदा बारीपाडा बघून या.

गढूळपणासाठी तुरटी. पाण्यात दोन-तीन वेढे फिरवायची, विरघळवत बसायची नाही. तुरटी संपली तर निवळीचं बी उगाळून टाका. निवळी हे नावच त्या कामावरून पडलंय. शेवग्याच्या वाळल्या बियांची पूडही तेच काम करते, आणि शेवगा तुमच्या शाळेच्या कुंपणाला असणारच. पण निवळलेलं पाणी म्हणजे निर्जंतुक पाणी नव्हे. आमच्याकडे आलेल्या जुलाबाच्या नमुन्यांत गढूळ कमी आणि नितळ जास्त असायचे.

मग ऊन. थंड पेयांच्या रिकाम्या, रंग नसलेल्या, दोन लिटरपर्यंतच्या बाटल्या घ्या. पाणी एवढं नितळ हवं, की भरलेली बाटली वर्तमानपत्रावर उभी ठेवली आणि वरून पाहिलं तर मथळा वाचता यावा. बाटली आडवी, पत्र्यावर, कडक उन्हात सहा तास. ढगाळ असेल तर सलग दोन दिवस, आणि झड लागली असेल तर हा उपाय सोडून क्लोरिनचं औषध वापरा. आशाताईंकडे मिळतं, बाटलीवर लिहिलंय तेवढंच घाला. उन्हातले अतिनील किरण आणि उष्णता मिळून जंतू मारतात. क्षार मात्र यानं जात नाहीत, म्हणून शिंदखेड्याच्या वहिनींनी हे करून उपयोग नाही. सकाळच्या प्रार्थनेला बाटल्या पत्र्यावर, सहा तास भरले की खाली, हे काम चौथीच्या मुली तुमच्यापेक्षा नेमानं करतील.

प्रश्न : एसीच्या पाईपमधून रोज बादलीभर पाणी पडतं. ते पावसासारखंच शुद्ध ना? हवेतून पाणी काढायचं मशीनही बघितलं. घ्यावं का? (एक वाचक, जळगाव शहर)

उत्तर : एसीचं पाणी पिऊ नका. ते आतल्या धूळभरल्या, ओल्या जाळीवरून येतं. पोछा मारा, इन्व्हर्टरच्या बॅटरीला मात्र डिस्टिल्डच घाला. मशीनबद्दल विचाराल तर ते हवेत असलेली वाफ गोळा करतं. मुंबईच्या हवेत वाफ असते. जळगावात मेच्या दुपारी धुतलेला सदरा दहा मिनिटांत वाळतो, तिथे मशीन काय गोळा करणार? हौसच असेल तर खाऱ्या पाण्यावर काचेचं तिरकं झाकण ठेवून सौर भट्टी करा. एक चौरस मीटरला दिवसाला दोन ते चार लिटर गोडं पाणी मिळतं. आपल्याकडे ऊन फुकट आहे, कूलरचं वीजबिल तेवढं नाही.

प्रश्न : ताई, आमची केळीची बाग, विहीर बागेतच. पाणी गोड, मीटरवर ४५०. पाहुणे बाटल्या भरून नेतात. सुनेला बाळ झालंय, दूध कमी म्हणून वरचं पावडरचं दूध चालू आहे. विहिरीचंच पाणी वीस मिनिटं उकळून घेतो. ठीक ना? (एक आजी, यावल तालुका)

उत्तर : आजी, हे पत्र मी सगळ्यांत आधी वाचायला हवं होतं. हा अंक निघायची वाट न बघता मी तुम्हाला फोन केला आहे, पण तुमच्यासारखी घरं पुष्कळ आहेत म्हणून इथेही लिहिते.

बागेला युरिया पडतो, उकिरडा जवळ असतो, संडासाचा शोषखड्डा जवळ असतो. यांतला नायट्रेट पाण्याबरोबर खाली मुरून विहिरीत येतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि मीटर तो वेगळा दाखवत नाही. लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंतच चालतो, त्यापुढे मानकात सवलत नाही. मोठ्या माणसाला लगेच काही जाणवत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद त्यानं कमी होते, ओठ-नखं निळसर पडतात. आणि उकळून नायट्रेट जात नाही. वीस मिनिटांत पाणी आटतं आणि नायट्रेट तेवढाच राहतो, म्हणजे उलट दाट होतो. तुम्ही जीव लावून नेमकं उलटं करत होता, यात तुमचा दोष नाही. उकळा असं आम्हीच वर्षानुवर्षं सांगत आलो, कशासाठी उकळा आणि कशासाठी नाही हे सांगायचं राहिलं.

रिपोर्ट येईपर्यंत बाळाच्या दुधाला चांगल्या आरओचं पाणी उकळून, गार करून वापरा. क्षारांबरोबर तो नायट्रेटही काढतो, इथे त्या मशीनचं काम आहे. सुनेनं विहिरीचं पाणी प्यायलं असेल तरी अंगावर पाजणं बंद करायचं कारण नाही. दूध वाढवायचं कसं, ते डॉक्टरांना विचारा.

नमुना लिटरभर द्या, स्वच्छ प्लॅस्टिकच्या बाटलीत, त्याच पाण्यानं तीनदा विसळून. जंतूंच्या तपासणीची बाटली वेगळी. ती प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक करून मिळते, तिला विसळायचं नाही, आणि बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत पोहोचवायची. एकदा एक गृहस्थ देशी दारूच्या बाटलीत पाणी घेऊन आले होते. रिपोर्ट काय लिहू, असं मी साहेबांना विचारलं, तर साहेब म्हणाले, आधी वास कुणाचा ते ठरवा. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच बायकांना पाणी तपासायचं शिकवायचं ठरलंय, किटची पेटीही त्यासाठीच. तुमच्या ग्रामपंचायतीत ती पेटी कपाटात असेल. नायट्रेटची पट्टी तिच्यात असते. पाचातली एक बाई गाठा आणि पेटी उघडायला लावा.

जाता जाता पारोळ्याहून आलेलं एक पोस्टकार्ड, आखाजीबद्दलचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेबद्दलचं. फक्त एक ओळ : "आखाजीची घागर जारच्या पाण्यानं भरली तर पितरांना चालेल का?"

पितरांचं मला ठाऊक नाही. माझ्या आजोबांना जाड पाण्याची सवय होती. कुणी गोड्या विहिरीचं कौतुक केलं की म्हणायचे, "पानी खारं शे, पन आपलं शे." त्यांना जारचं पाणी बेचव लागलं असतं. आमच्याकडे गेल्या आखाजीला टाकीची तोटी सोडून आर्द्राच्या पावसाच्या पाण्यानं घागर भरली, वर डांगर ठेवलं, शेजारी सांजोऱ्या. घागरीखालचा गहू दुसऱ्या दिवशी बघितला तर चांगला भिजलेला होता, म्हणजे कुंभारानं घागर नीट पाझरती दिली होती. तक्रार अजून आलेली नाही.